जयवंताला वाचता येत नाही

शामला चौथी शिकलेली होती, आणि तीही बापाच्या हाताखाली. तिचे वडील उमरेडकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर. पोरींना शिकवून काय करायचं, असं गावात सगळेच म्हणत. पण मास्तरांना शिकवण्याखेरीज दुसरं काही येतच नव्हतं. घरात समोर जे लेकरू दिसेल त्याला ते घेऊन बसत. पुढे लग्न होऊन शामला नागपूरला, सक्करदऱ्याच्या विणकरांच्या मोहल्ल्यात आली आणि तिच्या चौथीचा कोणाला काही उपयोग उरला नाही. सासरे नानाजी घरच्या मागावर लुगडी विणत, नवरा मारोतराव गिरणीत जाई. ती सूत उकलायची, ते गुंडाळून मागासाठी कांड्या भरायची, रांधायची. येता-जाता भिंतींवर रंगवलेली निवडणुकीची अक्षरं वाचायची, तेवढंच.

सदुसष्ट साली थोरला गोविंदा पहिलीत दुसऱ्यांदा नापास झाला. गुरुजींनी निरोप धाडला, की पोराचा घरी वाचनाचा सराव घ्या, नाहीतर शाळेतून काढून घ्या. मारोतरावाला हा निरोप फार लागला. तो स्वतः सहीपुरता शिकलेला. त्यामुळे आपल्यालाच कोणी नापास केल्यासारखं त्याचं तोंड झालं. जेवता जेवता तो बायकोला म्हणाला, की मास्तरची पोरगी केल्याचा काही तरी फायदा होऊ दे.

शामलाला मनातून बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू करायच्या आधी, ती गोविंदाला मागाशेजारी घेऊन बसू लागली.

पहिल्या दिवशी पोरानं बाराखडी म्हणून दाखवली. क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, अशी एका दमात, सुरात, कुठे न अडखळता. शामला खूश झाली. मग तिनं पुस्तकाच्या पानावर तळहात ठेवला आणि एकच अक्षर उघडं ठेवून विचारलं, हे कोणतं? गोविंदानं बोटं मोडली, वर आढ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून बाराखडी म्हणायला लागला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पोराला चाल पाठ आहे, अक्षर एकही येत नाही. दोन वर्षं तो नुसता वर्गाच्या आवाजात आवाज मिसळून बसला होता.

तिनं पुस्तक मिटलं. तिचे वडील आधी तोंडातला आवाज शिकवत, अक्षर मागून. तेच तिनं धरलं. पाणी म्हण, तोंडानं पहिल्यांदा काय केलं? ओठ मिटले. मग बाबा म्हण, मामा म्हण. तिथंही ओठच मिटले, पण आवाज निराळा. क म्हणताना तिनं त्याची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली. त म्हणताना जीभ दाताला कशी लागते ते दाखवलं. नानाजींचा सूत घेऊन पळणारा धोटा मागावर खट-खट जाई. त्यातला ख कोणता, ट कोणता, ते ऐकायला लावलं. मग परातीत ज्वारीचं पीठ पसरून त्यात बोटानं अक्षर काढायचं, आणि काढताना तो आवाज तोंडात धरून ठेवायचा.

गोविंदा शिकत होता, पण फार हळू. घ आणि ध त्याला एकच वाटत. म आणि भ तर रोजच भांडत. आणि पहिली वेलांटी त्याला अजिबात मंजूर नव्हती. ती अक्षराच्या आधी दिसते आणि बोलायची मात्र मागून, हे त्याला कितीही सांगितलं तरी पटत नसे. ‘दिवा’ आला की तो गप्प होऊन जाई. मारोतराव घरी असला की मागे येऊन उभा राही, आणि मग पोराला आलेलंही येईनासं होई.

या सगळ्यात समोर बसून जयवंता कांड्या भरायची. जयवंता म्हणजे गोविंदाची पाठची बहीण, पाच वर्षांची. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हातानं सूत धरायचं, आणि भाऊ अडला की त्याच्या तोंडाकडे पाहायचं. तिला कोणी काही शिकवत नव्हतं.

एका रविवारी गोविंदा ‘विहिरीत बादली पडली’ या ओळीवर अडून बसला. मारोतराव मागे उभा होताच. पोरगं घामाघूम झालं, आणि समोरून बारीक आवाजात कोणी तरी ती ओळ वाचली. रहाट थांबला होता. शामलानं पुस्तक उचलून जयवंताच्या हातात दिलं. पोरीनं ते आधी उलटं केलं, मग अख्खा धडा वाचला. अक्षरं तिनं भावाच्या समोर बसून, आपल्या बाजूनंच पाहिली होती. तिला ती उलटीच ओळखू येत होती. नानाजींनी माग थांबवला आणि मोठ्यानं हसले. मारोतरावही हसला. त्यानं पोरीला उचलून घेतलं. शामला हसली नाही; आपला बाप आज इथं पाहिजे होता, असं तिला वाटलं.

मग ते घरात एक खेळच होऊन बसलं. कोणी पाहुणा आला की जयवंताला बोलवायचं, हातात उलटं पुस्तक द्यायचं. पाहुणा थक्क झाला की मारोतराव गोविंदाकडे वळायचा. बहीण उलटं वाचते, अन् ह्याले सुलटं जमत नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. त्याला वाटे, अशानं पोरगं ईर्ष्येला पडेल. तसं झालं नाही. गोविंदा अडखळत बोलायला लागला. अंथरूण ओलं करायला लागला. एकदा त्यानं बहिणीच्या हातावर पाटी मारली आणि मग तोच रडत बसला. पावसाळा सरता सरता एक दिवस तो शाळेतून घरी आलाच नाही. दिवस बुडायला आला तेव्हा एका धोब्यानं त्याला घरी आणून सोडलं. तलावाच्या पायऱ्यांवर, गुडघ्याएवढ्या पाण्यात पोरगं दप्तर गळ्यात घालून बसलं होतं, आणि बाहेर ये म्हटलं तर येत नव्हतं.

त्या दिवशी मारोतराव त्याला काही बोलला नाही. नानाजी मात्र बोलले. पोराला उद्या कमावून खायचं आहे, पोरीचं वाचणं कुठे जाणार आहे, असं त्यांचं म्हणणं. तिला वाचायला लावणं बंद करा. शामलानं मान हलवली. सासऱ्यानं सांगितलं म्हणून तिनं ऐकलं, असं पुढे तिनं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण खरं म्हणजे नानाजी बोलायच्या आधीच, पोराची ओली चड्डी पिळताना, तिच्या मनात तेच येऊन गेलं होतं.

सकाळी तिनं जयवंताला चुलीपाशी बसवलं.

“तुले वाचता येते हे कोणाले सांगाचं नाही,” ती म्हणाली. “कोणं पुस्तक देलं तं म्हणाचं, मले येत नाही. दादासाठी म्हणाचं.”

“अन् शाळेत गेल्यावर?”

“तेव्हाचं तेव्हा पाहू.”

जयवंतानं बरं म्हटलं. ती फार ऐकणारी पोर होती. नंतर एका पाहुण्यानं हौसेनं तिच्यापुढे पुस्तक धरलं, तेव्हा तिनं मान हलवून येत नाही म्हणून सांगितलं आणि कांड्या भरायला निघून गेली. पाहुणा म्हणाला, ऐकून पाठ केलं असेल पोरीनं. मारोतरावालाही तसंच वाटायला लागलं. हळूहळू घरानं ती गोष्ट विसरून टाकली.

आणि गोविंदा वाचायला लागला. दिवाळीच्या आसपास त्याच्या तोंडून सबंध ओळ निघाली, संक्रांतीपर्यंत धडा. वेलांटीसुद्धा एके दिवशी अचानक बसली. तो पहिली पास झाला तेव्हा शामलानं शेजारीपाजारी साखर वाटली. आपल्या हातांनी, आपल्या गळ्यावर त्याची बोटं ठेवून, आपण हे घडवलं, या विचारानं तिला कित्येक दिवस पोट भरल्यासारखं वाटे. तिचे वडील भेटायला आले तेव्हा तिनं गोविंदाकडून वाचून घेतलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि तुला काय येतं, म्हणून विचारलं.

“मले येत नाही,” जयवंता म्हणाली.

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. हिच्यावरही थोडी मेहनत घे, म्हणाले. शामलानं त्यांना चहा आणून दिला आणि गावाकडची विचारपूस सुरू केली.

जयवंताचं नाव शाळेत घातलं तेव्हा ती सात वर्षांची झाली होती. सहामाही झाली आणि पुन्हा गुरुजींचा निरोप आला. या वेळी त्यांनी शामलालाच बोलावून घेतलं. पोरीला एकही अक्षर ओळखू येत नाही, उभं केलं तर नुसती उभी राहते, असं त्यांनी सांगितलं. वाईट बोलले नाहीत. उलट समजुतीनं म्हणाले, की काही मुलांचं डोकं चालत नाही, त्याला इलाज नसतो. शामला ऐकून घेऊन घरी आली. वाटेत तिनं पोरीला विचारलं, वर्गात वाचून काहून नाही दाखवत?

“दादाचा वर्ग तट्टीच्या पल्याड आहे,” जयवंता म्हणाली. “त्याले ऐकू जाते.”

शाळा एका लांब हॉलमध्ये भरायची; मध्ये बांबूच्या तट्ट्या लावून वर्ग केलेले. आता वाच, असं म्हणायचं शामलाच्या ओठांवर आलं होतं. पण गोविंदाचं अडखळणं नुकतंच कमी झालं होतं. हे वर्ष जाऊ दे, तिला वाटलं.

मारोतरावानं निरोपाचं ऐकलं आणि म्हणाला, की मग कशाला पाठवायची? नानाजींना आताशा तुटलेला धागा दिसत नव्हता. हाताशी पोर घरी राहिली तर कामाला येईल. तेव्हा शामला पहिल्यांदा बोलली.

“तिले वाचता येते जी.”

मारोतरावानं गोविंदाचं पुस्तक मागवलं आणि जयवंताला हाक मारली. जेवणं चालली होती. गोविंदा भिंतीला टेकून जेवत होता. जयवंता हात पुसत आली. बापानं पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं, या खेपेला सुलटं.

“वाच.”

पोरीनं पुस्तकाकडे पाहिलंच नाही. तिनं आईकडे पाहिलं. डोळे मोठे करून, काही विचारावं तशी ती पाहत राहिली. शामलानं गोविंदाकडे नजर टाकली. त्याचा घास तोंडापाशी थांबला होता. एक शब्द बोलायचा होता. वाच म्हणायचं, किंवा नुसती मान हलवायची. शामलानं तव्यावरची भाकर उचलली आणि खाली पाहून ती गोविंदाच्या ताटात वाढली.

“मले येत नाही,” जयवंता म्हणाली.

मारोतरावानं पुस्तक मिटलं. तुला लेकीचं खोटं कौतुक करायची सवय आहे, असं तो बायकोला म्हणाला आणि जेवायला लागला. सोमवारपासून जयवंता शाळेत गेली नाही.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. नानाजी वारले. गोविंदा सातवीपर्यंत शिकला आणि लकडगंजात एका लाकडाच्या टालावर लागला. आलेल्या मालाची मापं लिहायची, गिऱ्हाइकाला चिठ्ठी करून द्यायची. मारोतरावाला त्याचा अभिमान वाटे. जयवंता आजोबांच्या जागी मागावर बसली. तिचा हात चांगला होता, किनार सरळ यायची. ती कमी बोलायची. घरात पेपर आला, पुडीचा कागद आला, तरी ती त्याच्याकडे पाहायची नाही. शामला कधी कधी मुद्दाम एखादा छापील कागद तिच्यापुढे ठेवून पाही. जयवंता त्यात लसणाची सालं गोळा करून टाकून देई. विसरली असेल, शामला मनाशी म्हणायची. एवढ्याशा वयातलं कुठे लक्षात राहतं. असं म्हटलं की तिला झोप लागायची.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जयवंताला पाहायला एक स्थळ आलं. मुलगा पोस्टात कारकून, स्वभावानं गरीब, उंचापुरा. सोबत त्याचे काका, आनंदराव म्हणून होते. पोहे झाले, किनारीचं कौतुक झालं. मग मुलानंच, जरा लाजत, बाजूला पडलेला पेपर उचलून जयवंतापुढे धरला. मोठं काही नको, दोन ओळी वाचा, म्हणाला. बदलीची नोकरी आहे, घरी बायको एकटी राहणार, वाचता आलेलं बरं.

जयवंतानं पेपर हातात घेतला. शामला दाराआडून पाहत होती. पोरीची नजर अक्षरांवरून एकदा डावीकडून उजवीकडे गेली. शामलाला ते स्वच्छ दिसलं. मग तिनं पेपराची नीट घडी घातली आणि परत दिला.

“मले येत नाही.”

मंडळी चांगल्या शब्दांत बोलून उठली. नकार चार दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून आला. मारोतराव म्हणाला, की पोस्टातल्या लोकांना मेमच पाहिजे असते. तो बाहेर गेल्यावर गोविंदा स्वयंपाकघरात आला आणि उंबऱ्यावर बसला. तो आता एकोणीस वर्षांचा, बापाहून उंच झाला होता.

“तिले वाचता येते,” तो म्हणाला. “तुले माहीत आहे. मंग काहून गप राहिली?”

शामलाच्या हातातलं काम थांबलं. तुला कसं माहीत, असं तिनं विचारलं.

“मले वाचायले शिकवलं कोणं, माय?”

तो काय म्हणतो ते तिला क्षणभर समजलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. आई शिकवायची तेव्हा बाबा मागे उभे असत; भीतीनं त्याला पान धुरकट दिसे. काही म्हणजे काही डोक्यात शिरत नसे. दुपारी नानाजी झोपले आणि आई धुण्याला गेली की जयवंता त्याला मागाच्या खड्ड्यात, जिथं विणकर पाय सोडून बसतो तिथं घेऊन जायची. दोघं समोरासमोर बसत. पुस्तक त्याच्याकडून सुलटं, तिच्याकडून उलटं. ती त्याला वाचून दाखवी, मग त्याच्याकडून वाचून घेई, चुकला तरी हसत नसे. पहिली वेलांटी तिनंच त्याला समजावली. वेलांटी नुसती दार धरून उभी राहते, ती म्हणाली होती. आत पहिले अक्षर जाते, मंग वेलांटी.

“मले तिची लाज कधीच नव्हती वाटत,” गोविंदा म्हणाला. “बाबांची वाटे. त्या रोजी बाबांनं तिच्यापुढं पुस्तक धरलं, तेव्हा मी वाट पाहून राहिलो होतो, का आता वाचते.”

“मंग तू काहून नाही बोलला?”

“मी लहान होतो. तू तं मोठी होती ना?”

तो उठून गेला. शामला चुलीपुढे बसून राहिली. इतकी वर्षं एका गोष्टीचा तिनं मनाशी हिशेब लावून ठेवला होता: पोरीचं गेलं, पण पोराचं झालं, आणि जे झालं ते माझ्या हातून झालं. आता त्यातलं काहीच उरलं नाही. पोराला लपवाछपवी नको होती. त्याला शिकवलं ते तिनं नव्हतं. तिनं फक्त गप्प केलं होतं, आणि तेही जिला बोलता येत होतं तिला.

ती मागाच्या खोलीत गेली. जयवंता खड्ड्यात पाय सोडून बसली होती, धोटा चालू होता.

“त्या लोकायपुढं वाचलं काहून नाही वं?” शामलानं विचारलं.

“तूच सांगतलं होतं.”

“ते लहानपणीचं होतं, बाई.”

जयवंतानं धोटा हातात धरला. रागावली नव्हती ती. रागावली असती तर शामलाला सोसलं असतं.

“मंग कधी सांगतलं का, आता वाच म्हणून?” ती म्हणाली. “मी लई वाट पाहिली. रोज वाटे, आज माय म्हणन. मंग वाट पाहणं सोडलं.”

आणि तिनं पुन्हा विणायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, उमरेडला, विणकराच्याच घरी. जावई दारू पीत नव्हता, मारझोड करत नव्हता. मोहल्ल्यात त्यालाच चांगलं स्थळ म्हणत. तिला मुलगी झाली, पुष्पलता. पोर पाच वर्षांची झाली तेव्हा मे महिन्यात जयवंता तिला घेऊन माहेरी आली. मारोतराव गिरणीतून निवृत्त होऊन दिवसभर बाजेवर पडून असे. घरात लेकराचा आवाज आला तसा शामलाच्या अंगात उत्साह संचारला. दुसऱ्याच दिवशी तिनं परातीत पीठ पसरलं आणि नातीला मांडीवर घेतलं. पाणी म्हण, बेटा. ओठ काय करतात, सांग बरं? पोर खिदळायला लागली. शामलानं तिची बोटं उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवली.

जयवंता आतून आली. तिनं पोरीला मांडीवरून उचललं, पदरानं तिची पिठाची बोटं पुसली.

“तिले तू नको शिकवू, माय,” ती म्हणाली. “मी शिकवीन.”

आवाज साधाच होता, पाणी मागावं तसा. शामला परात घेऊन आत गेली आणि पीठ डब्यात परत भरलं.

उन्हं उतरल्यावर जयवंतानं पिशवीतून नवंकोरं पुस्तक काढलं. ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, पोरीला शेजारी बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, खणखणीत, एकेक अक्षर तोडून. मग सबंध ओळ. शामला आत तुरीची डाळ निवडत होती. लेकीचा वाचण्याचा आवाज ती एकोणीस वर्षांनी ऐकत होती. तिला राहवलं नाही. ती उठली आणि दारापर्यंत आली.

जयवंतानं तिला पाहिलं आणि वाचणं थांबवलं. पोरगी आईच्या तोंडाकडे पाहायला लागली. बाजेवरून मारोतरावानं मान वर केली आणि म्हणाला, “कोण वाचून राहिलं होतं गा?”

शामला मागे फिरली. आत येऊन सुपापुढे बसली. सुपातली मूठभर डाळ निवडून झाली. मग बाहेरून पुन्हा वाचण्याचा आवाज आला, आता जरा हळू. तिनं सूप हलवणं बंद केलं, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, आणि हालचाल न करता बसून राहिली. आपला आवाज बाहेर गेला तर वाचणं पुन्हा थांबेल, याची तिला भीती वाटत होती.